ही फायनलच आहे ना?

(आकाशवाणीवर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, आज मी तुमच्याशी फुटबॉलबद्दल बोलणार आहे. कविता लिहिणाऱ्या माणसाला फुटबॉलशी काय देणंघेणं, असं कुणाला वाटेल. पण मी कोल्हापूरचा. आमच्याकडे तालमींच्या नावानं फुटबॉलचे संघ आहेत आणि पेठापेठांतली ईर्षा कुस्तीच्या फडाइतकीच मैदानावर दिसते. बी.ए.च्या वर्गात मी जेवढे तास बसलो, त्याहून जास्त शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलो असेन. खेळता मात्र कधी धड आलं नाही. आमच्या पोरांच्या संघात माझ्याकडे काम होतं ते पाण्याची बादली आणि लिंबाच्या फोडी सांभाळण्याचं. त्या बादलीची एक गोष्ट मला आज सांगायची आहे. पण तिच्याआधी एका फायनलची.

१३ जुलै २०१४. ब्राझीलमधल्या रिओ शहरातलं माराकाना स्टेडियम. वर्ल्ड कपची फायनल, जर्मनी विरुद्ध अर्जेंटिना. आपल्याकडे तेव्हा चौदा तारीख लागली होती, रात्रीचे साडेबारा वाजले होते. रमझानचा महिना होता. मॅच संपेपर्यंत सहरीची वेळ होईलच, मग झोपायचं कशाला, असा हिशेब करून आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो होतो.

जर्मनीचा सामी खेदिरा मॅचआधी अंग गरम करतानाच जखमी झाला आणि ऐनवेळी ख्रिस्तोफ क्रामर या तेवीस वर्षांच्या पोराला उतरवण्यात आलं. सतराव्या मिनिटाला अर्जेंटिनाच्या गारायचा खांदा त्याच्या चेहऱ्यावर आदळला. क्रामर कोसळला. डॉक्टर आले, त्यांनी पाहिलं, तो उठला आणि पुन्हा खेळायला लागला. आम्हीही इकडे ‘शाब्बास’ म्हणालो.

थोड्या वेळानं क्रामर इटालियन रेफ्री निकोला रित्सोली यांच्याजवळ गेला आणि त्यानं विचारलं, ही फायनलच आहे ना? रित्सोलींना वाटलं, पोरगा थट्टा करतोय. त्यांनी त्याला पुन्हा विचारायला लावलं. तो तेच म्हणाला. होय, फायनलच आहे, असं सांगितल्यावर त्यानं आभार मानले, हे माहीत असणं महत्त्वाचं होतं म्हणाला. मग रित्सोलींनी जर्मनीच्या श्वाइनस्टायगरला गाठून ही गोष्ट कानावर घातली. एकतिसाव्या मिनिटाला क्रामरला बाहेर घेतलं. त्याच्या जागी आलेल्या शुर्लेच्या पासवर ११३ व्या मिनिटाला ग्योत्सेनं गोल केला आणि जर्मनी जगज्जेता झाला. क्रामरला त्या खेळातलं फारसं काही आठवत नाही.

रित्सोलींनी हा किस्सा नंतर एका इटालियन वर्तमानपत्राला सांगितला आणि तो जगभर गाजला. मी तो इफ्तारच्या वेळी घरात सांगितला. सगळे हसले. फक्त अम्मी हसली नाही. ती म्हणाली, ‘आपण कुठं हाय ते ज्याला ठावं न्हाई, त्यालाच विचारत होते व्हय, खेळतोस का म्हणून?’

माझा घास हातातच राहिला. कारण मला एकदम ती बादली आठवली.

पस्तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका शाळेच्या पटांगणावर पेठांतल्या पोरांची स्पर्धा होती. आमच्या बचावफळीत सोळा वर्षांचा एक पोरगा होता, हेडर मारण्यात पटाईत. कॉर्नरला उंच आलेल्या चेंडूवर तो आणि समोरचा पोरगा एकदमच उडाले आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. नारळ फोडल्यासारखा आवाज झाला. आम्ही धावलो. कुणी नाकाला कांदा लावला. मी बादलीतलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं. तो उठून बसला, इकडंतिकडं बघितलं आणि मला म्हणाला, ‘आज कुणाशी हाय रे?’ मी सांगितलं. जरा वेळानं त्यानं पुन्हा तेच विचारलं. मी हसलो. म्हटलं, बघा याची मस्करी! आणि पाठीवर थाप मारून त्याला मैदानात ढकलला.

मॅचनंतर सायकली लावल्या होत्या तिथं तो दोनदा ओकला. पुढचे दोन दिवस झोपून होता. पुस्तक उघडलं की डोकं ठणकायचं. त्या वर्षी त्याची दहावीची परीक्षा हुकली. घरच्यांना वाटलं, पोरगा अभ्यास टाळतोय. आम्हालाही तसंच वाटलं.

मी डॉक्टर नाही. पण अम्मीच्या त्या प्रश्नानंतर या विषयावर जे हाती लागलं ते वाचत गेलो. जे समजलं ते साध्या भाषेत सांगतो.

आपली कवटी म्हणजे एक टणक डबा. त्यात मेंदू असतो खरवसासारखा मऊ, आणि तो एका द्रवात तरंगत असतो. एसटीनं करकचून ब्रेक मारला की गाडी थांबते, पण आतली माणसं पुढे फेकली जातात. डोक्याला जोराचा धक्का बसला, की मेंदूचं तसंच होतं. डोकं गर्रकन वळलं तर मेंदूही आत पिळवटतो आणि त्यातले बारीक मज्जातंतू ताणले जातात. याला डॉक्टर कन्कशन म्हणतात. आपण मेंदूचा हादरा म्हणू. या हादऱ्यात माणूस बहुतेक वेळा बेशुद्ध पडत नाही. रक्त येत नाही, हाड मोडत नाही, साध्या स्कॅनमध्येही सहसा काही दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की माणूस जरा वेगळा वागतोय. तोच प्रश्न पुन्हा विचारतोय, पाय अडखळताहेत, उजेड सहन होत नाही. गुडघा दुखावला तर खेळाडू स्वतःच लंगडत सांगतो. इथे मात्र ज्यानं सांगायचं त्या मेंदूलाच मार बसलेला असतो. हा हादरा पुरता ओसरायच्या आत दुसरा बसला, तर तो फार महागात पडू शकतो. कोवळ्या वयात तर जिवावरही बेतू शकतो.

हे झालं मोठ्या टकरीचं. लहान लहान धक्क्यांचा हिशेब त्याहून लांबचा आहे. इंग्लंडमध्ये जेफ अ‍ॅस्टल नावाचा सेंटर फॉरवर्ड होऊन गेला. वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचा लाडका. १९६८ च्या एफए कप फायनलमध्ये जादा वेळेतला विजयी गोल त्याचाच. त्याच्या हेडरची मोठी ख्याती होती. त्या काळी चेंडू कातड्याचे असत आणि पावसात पाणी पिऊन जड होत. अ‍ॅस्टल २००२ च्या जानेवारीत वारला, वय अवघं एकोणसाठ. शेवटची वर्षं स्मृतिभ्रंशात गेली. त्याच वर्षी मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं निकाल दिला, की हा व्यवसायातून जडलेला आजार आहे. खाणीत काम करणाऱ्याच्या फुप्फुसात धूळ बसावी, तसा चेंडूला डोकं देणाऱ्याच्या मेंदूत हा आजार बसला. पुढे २०१४ मध्ये डॉ. विली स्टुअर्ट यांनी त्याच्या जतन केलेल्या मेंदूची पुन्हा तपासणी केली. तेव्हा मुष्टियोद्ध्यांत आणि अमेरिकन फुटबॉलपटूंत आढळणारा सीटीई हा आजार त्यात सापडला. वारंवार बसलेल्या धक्क्यांशी त्याचा संबंध जोडला जातो.

एका माणसावरून अनुमान काढू नये, हे खरं. म्हणून ग्लासगोच्या याच डॉक्टरांच्या पथकानं स्कॉटलंडमधल्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी तपासल्या आणि त्यांची तुलना तेवीस हजारांवर सामान्य माणसांशी केली. २०१९ च्या ऑक्टोबरात निष्कर्ष आले. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मरण येण्याचं प्रमाण फुटबॉलपटूंत साडेतीन पट होतं. उलट हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण त्यांच्यात कमी होतं. म्हणजे खेळ शरीराला चांगलाच आहे. २०२१ मध्ये त्यांनी जागेनुसार हिशेब मांडला. हेडरचं काम ज्यांना जास्त पडतं त्या बचावपटूंत हा धोका जवळजवळ पाच पट निघाला. गोलरक्षकांत मात्र तसा ठळक फरक दिसला नाही.

आता खेळ चालवणाऱ्यांकडे वळू. फुटबॉलला शिस्तीचं वावडं आहे, असं कुणी म्हणू शकणार नाही. तिथे सगळ्याचा दर ठरलेला असतो. २००६ च्या फायनलमध्ये झिदाननं मातेराझ्झीच्या छातीवर डोकं हाणलं, ते सगळ्यांनी पाहिलं. त्याला साडेसात हजार स्विस फ्रँकचा दंड आणि तीन सामन्यांची बंदी झाली. पण मातेराझ्झीनं त्याआधी तोंडानं काहीतरी म्हटलं होतं, त्यालाही पाच हजार फ्रँक आणि दोन सामने पडले. तोंडून निघालेल्या शब्दाचीही किंमत वसूल झाली.

२०१० ची फायनल आठवा. स्पेन विरुद्ध हॉलंड. अठ्ठाविसाव्या मिनिटाला हॉलंडच्या डी याँगनं झाबी अलोन्सोच्या छातीवर बुटाची लाथ मारली. इंग्लिश रेफ्री हॉवर्ड वेब यांना ती नीट दिसली नाही, त्यांनी पिवळं कार्ड दिलं. ते लालच द्यायला हवं होतं, असं पुढे त्यांनी स्वतः मान्य केलं. जादा वेळेत, ११६ व्या मिनिटाला इनिएस्तानं स्पेनला जिंकून देणारा गोल केला आणि जर्सी काढली. आतल्या बनियनवर त्याच्या दोस्ताचं नाव होतं. दानी हार्के, जो आदल्या वर्षी हृदयविकारानं गेला. जर्सी काढली की पिवळं कार्ड, असा नियम आहे. इनिएस्तालाही ते मिळालं. छातीवरच्या लाथेला पिवळं आणि मेलेल्या मित्राच्या आठवणीलाही पिवळंच. वेब यांचा यात काही दोष नाही. नियमानं जे पाहायला सांगितलं आणि डोळ्यांना जे दिसलं, त्यावरच त्यांना निर्णय द्यायचा होता.

क्रामरच्याच वर्ल्ड कपातल्या, २०१४ च्या, दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोन्ही उरुग्वे संघाच्या, पाच दिवसांच्या अंतरानं घडलेल्या. १९ जूनला इंग्लंडविरुद्ध खेळताना अल्वारो परेरा या उरुग्वेच्या खेळाडूच्या डोक्याला स्टर्लिंगचा गुडघा लागला आणि तो मैदानावर बेशुद्ध पडला. शुद्धीवर आला. संघाच्या डॉक्टरनं बाहेर घ्या अशी खूण केली. परेरानं डॉक्टरलाच हातवारे करून परतवलं आणि तो पुढे खेळला. २४ जूनला इटलीविरुद्ध उरुग्वेचा सुआरेझ कियेलिनीच्या खांद्याला चावला. रेफ्रीला ते दिसलं नाही. पण कियेलिनीनं जर्सी खाली ओढून दातांच्या खुणा दाखवल्या, चित्रफीत होतीच. सुआरेझला नऊ आंतरराष्ट्रीय सामने आणि चार महिने बंदी झाली, वर एक लाख स्विस फ्रँकचा दंड. त्या वेळच्या हिशेबानं साठ-सत्तर लाख रुपये.

चावणं वाईटच. शिक्षा व्हायलाच हवी होती. पण कियेलिनीची जखम किरकोळ होती. परेराच्या डोक्यात काय झालं होतं, ते कुणालाच बाहेरून दिसत नव्हतं. खेळाडूंच्या फिफप्रो या संघटनेनं त्याबद्दल आवाज उठवला. पण बेशुद्ध होऊन उठलेल्या माणसाला खेळण्यापासून अडवण्याची सोय तेव्हा नियमांतच नव्हती.

नियम बदलत नाहीत असं नाही. १९८६ मध्ये मॅराडोनानं हातानं मारलेला गोल आम्ही दूरदर्शनवर पाहिला. ट्युनिशियाच्या रेफ्रींना तो हात दिसला नाही, आणि तो वाद आजही पानपट्टीवर रंगतो. २०१० मध्ये इंग्लंडच्या लँपार्डनं मारलेला चेंडू जर्मनीच्या गोलरेषेच्या चांगला आत पडून बाहेर आला, तरी गोल दिला गेला नाही. त्यावर एवढा गदारोळ झाला, की दोनच वर्षांत गोलरेषेवर यंत्र बसवायला मंजुरी मिळाली आणि २०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये ते वापरलं गेलं. मग व्हिडिओ पाहून निर्णय देणारा रेफ्री आला, ज्याला आपण व्हीएआर म्हणतो. २०१८ मध्ये तो नियमांत दाखल झाला तेव्हा त्याला चार गोष्टी तपासायच्या होत्या : गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड, आणि कार्ड चुकीच्या खेळाडूला दिलं का. चेंडू रेषेच्या दोन बोटं आत होता की बाहेर, हे ठरवायला यंत्रं आली. खेळाडूचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे त्या चार गोष्टींत नव्हतं.

२०१४ च्या त्या अनुभवानंतर एक सुधारणा लगेच झाली. डोक्याला मार लागला तर रेफ्री तीन मिनिटांपर्यंत खेळ थांबवू शकतो आणि डॉक्टरनं परवानगी दिली तरच खेळाडू परत येतो. चांगलं झालं. पण हा डॉक्टर कोण? संघाचाच. त्याचा पगार क्लब देतो, आणि त्याच्या शेजारी घड्याळाकडे बघत कोच उभा असतो.

त्या डॉक्टरवर काय वेळ येऊ शकते, ते ऐका. ऑगस्ट २०१५, लंडन. चेल्सी विरुद्ध स्वान्सी. चेल्सीचा एक खेळाडू आधीच लाल कार्ड घेऊन बाहेर गेलेला, सामना बरोबरीत, शेवटची मिनिटं. एडन हॅझार्ड खाली पडला. रेफ्रीनं खूण केली म्हणून चेल्सीच्या डॉक्टर इव्हा कार्नेरो आणि फिजिओ धावत आत गेले. उपचार घेतलेल्या खेळाडूला क्षणभर बाहेर जावं लागतं, त्यामुळे चेल्सीचे नऊच जण उरले. कोच जोझे मोरिन्यो यांनी नंतर सगळ्यांसमोर टीका केली, की यांना खेळ समजत नाही. डॉक्टरांना सामन्याच्या दिवशी बेंचवर बसण्याच्या कामातून काढलं गेलं आणि महिन्याभरानंतर त्या क्लब सोडून गेल्या. २०१६ च्या जूनमध्ये प्रकरण तडजोडीनं मिटलं. क्लबनं जाहीर माफी मागितली आणि डॉक्टरांनी नियमही पाळला आणि आपलं कर्तव्यही केलं, असं मान्य केलं. पण तोवर जगातल्या प्रत्येक क्लबच्या डॉक्टरला जे कळायचं ते कळलं होतं.

रेफ्री दोन्ही संघांपैकी कुणाचाच नसावा, हे आपण किती सहज मान्य करतो. घरच्या क्लबनं पगार दिलेला रेफ्री कोणी चालवून घेईल का? स्टेडियम डोक्यावर घेतील. एका गोलाच्या न्यायासाठी तटस्थ माणूस लागतो. मग खेळाडूच्या मेंदूचा न्याय करणारा माणूस तटस्थ का नको?

हे सगळं दूरदेशीचं आहे, असं समजू नका. बंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमवर ५ डिसेंबर २००४ ला फेडरेशन कपची फायनल होती. आपल्या शेजारच्या गोव्याचा डेंपो संघ विरुद्ध मोहन बागान. डेंपोचा ब्राझिलियन खेळाडू ख्रिस्तियानो ज्युनियर यानं दोन गोल केले. दुसरा गोल करताना तो गोलरक्षकावर आदळला, कोसळला आणि त्याच दिवशी त्याचा मृत्यू झाला. डेंपोनं कप जिंकला, पण आनंद कुणाला झाला असणार? त्यानंतर दोन चर्चा सुरू झाल्या. एक, गोलरक्षकाची चूक होती का. दुसरी, मैदानावर उपचारांची तयारी किती होती. पहिल्या चर्चेचा निकाल लवकर लागला, गोलरक्षकाला दोन महिन्यांची बंदी झाली. दुसऱ्या चर्चेला मात्र असा तडकाफडकी निकाल नसतो. तिला पैसा, माणसं आणि सराव लागतो.

त्याच कंठीरवावर ३ मार्च २०२३ ला दुसरा प्रसंग घडला. बंगळुरू एफसी आणि केरळ ब्लास्टर्स यांच्या बाद फेरीच्या सामन्यात, जादा वेळेत, सुनील छेत्रीनं केरळचे खेळाडू भिंत लावण्याआधीच फ्री किक मारून गोल केला. रेफ्रीनं तो ग्राह्य धरला. केरळचे कोच संघ घेऊन मैदानाबाहेर निघून गेले. महिना संपायच्या आत फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीनं केरळला चार कोटी रुपयांचा दंड केला, कोचना दहा सामन्यांची बंदी आणि पाच लाख दंड. रेफ्रीशी वाद घालून मैदान सोडलं तर काय होतं, हे आता देशातल्या प्रत्येक क्लबला तोंडपाठ आहे. डोकं आपटलेला खेळाडू मैदानात ठेवला तर काय होतं, हेही तितकंच तोंडपाठ व्हायला हवं, एवढंच माझं म्हणणं.

मोठ्या फुटबॉलमध्ये हालचाल झाली आहे, ती नाकारून चालणार नाही. २०२० च्या फेब्रुवारीत इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या संघटनांनी प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात हेडर मारायला लावू नये असं ठरवलं. २०२१ पासून इंग्लंडच्या व्यावसायिक संघांना सरावात आठवड्याला दहाच जोरदार हेडर, अशी मर्यादा सुचवली गेली. त्याच वर्षी मेंदूच्या हादऱ्यासाठी जादा बदली खेळाडू देण्याचे प्रयोग सुरू झाले आणि २०२४ मध्ये तशी सोय नियमांच्या पुस्तकात आली. २०२२ च्या कतार वर्ल्ड कपमध्ये असे हादरे टिपण्यासाठी फिफानं खास निरीक्षक बसवले होते. तरी त्याच स्पर्धेत २१ नोव्हेंबरला इराणचा गोलरक्षक बेइरानवंद स्वतःच्याच खेळाडूवर आदळला, कितीतरी मिनिटं उपचार घेत राहिला, रक्तानं माखलेली जर्सी बदलून पुन्हा उभा राहिला, आणि क्षणभरात खाली बसला. मग स्ट्रेचर आलं. माराकानाला आठ वर्षं झाली होती.

अडचण वेळेची आहे. तीन मिनिटांत मेंदूचा अंदाज येत नाही. रग्बीमध्ये खेळाडूला दहा-बारा मिनिटं आत नेऊन तपासतात, तोवर दुसरा खेळतो. ठीक असला तर पहिला परत येतो. फुटबॉलमध्येही अशी तात्पुरती बदली द्यावी, ही खेळाडूंच्या संघटनेची मागणी आहे. नियम करणाऱ्यांनी २०२३ च्या सुरुवातीला तिचा प्रयोगही करू दिला नाही. क्रिकेटनं निदान पूर्ण बदली २०१९ मध्येच मान्य केली. स्टीव्ह स्मिथला आर्चरचा चेंडू लागला आणि त्याच्या जागी लाबुशेन उतरला, ते तुम्हाला आठवत असेल.

त्या रमझाननंतर ईदला मी माझ्या त्या जुन्या दोस्ताकडे गेलो. आता त्याचं स्वतःचं दुकान आहे, पोरंबाळं आहेत, तब्येत ठणठणीत आहे, अल्हमदुलिल्लाह. शीरखुर्म्याची वाटी हातात देऊन मी त्याला म्हटलं, त्या दिवशी मी तुला आत ढकलायला नको होतं. तो हसला. म्हणाला, ‘भावा, तू कशाला वाईट वाटून घेतोस? मला तर त्यातलं काईच आठवत न्हाई. मीच म्हणालो असणार की, खेळतो म्हणून.’

म्हणाला असणारच. परेराही म्हणाला होता. सोळा-सतरा वर्षांचा पोरगा, अख्खी पेठ बघत असताना, दुसरं काय म्हणेल? म्हणून हा प्रश्न त्याला विचारायचाच नसतो.

श्रोतेहो, तुमच्यापैकी कुणी गावात, पेठेत, शाळेत स्पर्धा भरवत असेल, कुणाचा मुलगा, मुलगी खेळत असेल. त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. कप, मंडप, लाउडस्पीकर यांचा खर्च मांडताना आणखी एका माणसाची जागा मांडा. तो डॉक्टर असला तर उत्तम. नसला तर निदान शहाणासुरता, दोन्ही संघांपैकी कुणाचाही नसलेला माणूस हवा, आणि ‘हा बाहेर’ म्हणायचा त्याचा अधिकार रेफ्रीच्या शिट्टीइतकाच पक्का हवा. डोक्याला मार बसून मूल गोंधळलं, तोच प्रश्न पुन्हा विचारू लागलं, डोकं दुखतं, मळमळतं म्हणालं, की त्या दिवसाचा खेळ संपला. पाणी ओतून परत पाठवायचं नाही, घरी एकटं जाऊ द्यायचं नाही, आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत पुन्हा खेळवायचं नाही. उलट्या थांबत नसतील, डोकेदुखी वाढत असेल, झटके आले, डोळ्यांतल्या बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या किंवा जागं करूनही मूल नीट जागं होत नसेल, तर थेट दवाखाना गाठायचा.

बादली ठेवा. पोरांना तहान लागते. पण तिच्यातलं पाणी पिण्यासाठी असू द्या.